प्लायमाउथमधलं इंजिन कुठलं? आधी सळई, मग नंबर

प्रश्न थोडक्यात असा. नेरुळच्या एका गृहस्थांकडे आजोबांची १९४८ ची प्लायमाउथ आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात जुळवलेली, पहिली नोंदणी मुंबईची. आजोबा चरईत राहायला आले तेव्हा कागदही ठाण्याला आले. आरसी बुकात इंजिन नंबर ‘पी १५’ ने सुरू होतो. प्रत्यक्ष इंजिनावर नंबराच्या जागी चंदेरी रंगाचे इतके थर बसलेत की काहीच वाचता येत नाही. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एक जण बघून गेला आणि म्हणाला, “हे युद्धातल्या ट्रकचं इंजिन आहे, याची किंमत शून्य. मी ओरिजिनल बसवून देतो. हे माझ्याकडे राहू दे, वर थोडे पैसे द्या.” हे खरं का, आणि इंजिन मूळचं कुठलं ते ओळखायचं कसं? जाता जाता त्यांनी मित्राच्या १९६२ च्या ॲम्बेसेडरबद्दलही विचारलंय. तिच्यात म्हणे ‘एमजीचं इंजिन’ आहे.

सगळ्यात आधी, इंजिन कोणालाही नेऊ देऊ नका. शून्य किमतीची वस्तू तो माणूस स्वतःकडे का ठेवून घेतोय, हे त्यालाच विचारून बघा.

माझं वागळे इस्टेटमध्ये बोअरिंगचं शॉप आहे, चौतीस वर्षं झाली. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, एवढंच करतो. माझ्याकडे गाडी येत नाही, ब्लॉक येतो, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड. तोही टेम्पोत गोणपाटावर आडवा टाकून, आणि आणणारा पोरगा गाडी कुठली ते धड सांगत नाही. त्यामुळे धंद्याच्या गरजेपोटीच नावाआधी माप घ्यायची सवय लागली. ज्यांच्याकडे शिकलो ते कुर्ल्याचे उस्ताद मुद्दाम नंबराच्या जागेवर ग्रीसचा गोळा थापायचे आणि म्हणायचे, “आता सांग.” आम्ही पोरं चिडायचो. पण त्या ग्रीसमुळे एक गोष्ट कायमची डोक्यात बसली. नंबर हा इंजिनावरचा सगळ्यात शेवटी ठोकलेला आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी वाचायचा.

आता तुमचे फोटो. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, सपाट आहे, वर रॉकर कव्हर नाही, सहाही प्लग वरून एका ओळीत बसलेत, डायनामो डाव्या अंगाला आहे (डावं म्हणजे सीटवर बसून पुढे बघताना डावं). म्हणजे साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये), क्रायस्लर घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन. इथपर्यंत तो दलाल आणि मी एकाच पानावर आहोत. पुढचा घोळ असा की या घराण्यात प्लायमाउथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर अशा चार सख्ख्या बहिणी, शिवाय डॉज आणि फार्गोचे ट्रक. सगळ्यांची तोंडं सारखी. चंदेरी रंगावरून काही ठरत नाही. १९४६ ते १९४८ च्या प्लायमाउथचं इंजिन कारखान्यातून चंदेरी यायचं हे खरं, पण स्प्रेचा डबा कोणालाही मिळतो.

फोनवर मी तुम्हाला हेडची लांबी टेपने मोजायला सांगितली होती. तुम्ही सव्वातेवीस इंच सांगितलीत. या एका मापाने अर्धं कुटुंब बाद झालं. क्रायस्लरने ही इंजिनं दोन लांबीत केली. एकाचं हेड सुमारे तेवीस इंच, दुसऱ्याचं पंचवीस. अमेरिकेत बनलेल्या प्लायमाउथ आणि डॉजला तेवीसवालं, डिसोटो आणि क्रायस्लरला पंचवीसवालं. आणि गंमत म्हणजे कॅनडात, ओंटारियोतल्या विंडसरला बनणाऱ्या प्लायमाउथ-डॉजलाही पंचवीसवालंच. म्हणजे पंचवीस इंच निघालं असतं तर ‘डिसोटोचं की कॅनडाचं’ हा वाद सुरू झाला असता आणि हे उत्तर दुप्पट लांबलं असतं. तुमचं तेवीस आहे, म्हणजे अमेरिकन आखूड ब्लॉक. उरले दोन, प्लायमाउथ आणि डॉज.

इथे लोक बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजायच्या मागे लागतात, आणि इथेच फसतात. प्लायमाउथचाही बोअर सव्वातीन इंच, डॉजचाही सव्वातीन इंच. शिवाय पंचाहत्तर वर्षांत तुमचा ब्लॉक दोन-तीनदा तरी बोअर झाला असणार. वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), चाळीस थाऊ, मग कोणीतरी आत नवी नळी, स्लीव्ह, मारून परत स्टँडर्ड. बोअर म्हणजे माणसाचं वजन, वर्षागणिक बदलतं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, ही उंची. पी-१५ हे तुमच्या प्लायमाउथचं मॉडेल, तिचा स्ट्रोक चार इंच तीन सूत (आठ सुतांचा एक इंच), म्हणजे १११.१ मिलिमीटर. त्याच काळातल्या डी-२४ मॉडेलच्या डॉजचा चार इंच पाच सूत, ११७.५ मिलिमीटर. फरक दोन सुतांचा, पाव इंचाचा. घन इंचांत प्लायमाउथ २१७.८ आणि डॉज २३०.२. युद्धातला जो पाऊण टनी डॉज ट्रक होता, नंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विकला गेलेला, त्याच्यातही हेच २३० चं इंजिन, चार इंच पाच सुताचं. त्याच्या नंबराची सुरुवात ‘टी २१४’ अशी. म्हणजे दलालाचं म्हणणं खरं असेल तर तुमच्या स्ट्रोकमध्ये दोन सूत जास्त भरायला हवेत.

आणि हे मोजायला हेड उघडावं लागत नाही. या इंजिनांवर माझा जीव आहे तो या एका गोष्टीसाठी. सहाव्या सिलिंडरवर, म्हणजे केबिनकडच्या शेवटच्या सिलिंडरच्या बरोबर वर, हेडमध्ये एक छोटा पाइप-प्लग असतो. स्पार्क प्लग वेगळा, हा वेगळा. टायमिंग लावताना पिस्टन वर आलाय की नाही ते बघायला कंपनीनेच ठेवलेलं भोक आहे. तो प्लग जाम असणार. आदल्या रात्री डिझेल किंवा रस्ट ऑइल सोडून ठेवा, सकाळी पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित हलवा, मग सोडा. चौकोनी डोकं झिजलं असेल तर जोर करू नका, मला सांगा.

मग सहाही स्पार्क प्लग काढून घ्या, म्हणजे कॉम्प्रेशन अडवणार नाही. फूटभर लांबीची वेल्डिंगची सळई घ्या, वरचा फ्लक्स ठोकून, पुसून साफ करा, आणि एक टोक काटकोनात वाकवा. वाकवायला विसरलात तर सळई आत जाईल आणि मग हेड उघडावंच लागेल. सरळ टोक भोकातून पिस्टनवर टेकवा. आता कोणालातरी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलायला सांगा. सळई वर येईल, थांबेल, खाली जाईल, थांबेल. वर थांबली की हेडच्या पातळीवर सळईला हॅक्सॉ ब्लेडने बारीक ओरखडा. खाली थांबली की दुसरा. दोन ओरखड्यांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. तीन वेळा करा, कारण वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टन क्षणभर रेंगाळतो आणि हाताला फसवतो. मिलिमीटरच्या आत-बाहेर आलं तरी चालेल, आपल्याला सहा मिलिमीटरचा फरक पकडायचा आहे.

सळईऐवजी दुसरं काही वापरू नका. कळव्याच्या एका हौशी मुलाने बांबूची कबाबची काडी घातली होती. पिस्टन वर येताना ती तिरकी झाली आणि आत मोडली. हेड उघडलं, तुकडा काढला, गॅस्केट नवीन. त्या गॅस्केटसाठी तो ऑपेरा हाउसला तीन चकरा मारून आला. काडी फुकटची होती.

चार इंच तीन सूत भरलं तर दलाल खोटा, ट्रकचा विषय संपला. आतली क्रँक, म्हणजे पिस्टन वर-खाली करणारा वाकडा दांडा, प्लायमाउथची. चार इंच पाच सूत भरलं तर मात्र लगेच त्याला शरण जाऊ नका, कारण इथे एक पोटकलम आहे. तेवीस इंची प्लायमाउथच्या ब्लॉकमध्ये डॉजची क्रँक आणि डॉजचे कनेक्टिंग रॉड बसतात. जास्त ओढ मिळावी म्हणून हे जगभर केलं गेलंय, आपल्याकडेही क्रँक तुटल्यावर मिळेल ती बसवून. अशा वेळी ब्लॉक तुमच्या आजोबांचाच असेल आणि फक्त आतडी बदललेली असतील. स्ट्रोक क्रँकबद्दल सांगतो, ब्लॉकबद्दल सांगत नाही. ब्लॉकसाठी ओतकामाची तारीख बघायची.

ब्लॉक ओतताना साच्यातच तारीख घालायचे, त्यामुळे ती ब्लॉकच्या अंगावर उठावदार उमटते. ठोकलेल्या नंबरासारखी ती नंतर बदलता येत नाही. तारीख अमेरिकन पद्धतीची असते, आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. ५-११-४८ दिसलं तर ते अकरा मे, पाच नोव्हेंबर नव्हे. आपल्याकडे यावरूनच दोन भाऊ भांडलेले मी पाहिलेत. ‘गाडी ऑगस्टची आणि इंजिन नोव्हेंबरचं कसं?’ तसं काही नव्हतंच. ओतकामाची तारीख गाडीच्या आधीची असायलाच हवी. ओतला, मशीन केला, इंजिन जुळवलं, सुट्या भागांच्या पेट्यांत भरलं, बोटीने मुंबईला आलं, मग कुर्ल्याला गाडीत बसलं. यात काही महिने गेले तर नवल नाही. प्रीमियर १९४४ ला वालचंद हिराचंदांनी सुरू केली आणि गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ ला. तुमची १९४८ ची असेल तर ब्लॉकवर १९४७ किंवा १९४८ दिसणं ठीक आहे. १९४२ ते १९४५ मधलं वर्ष निघालं तर दलाल बरोबर बोलला. १९५१-५२ निघालं तर नंतरच्या एखाद्या गाडीतून आलंय. नंतरच्या पी-१८, पी-२० वगैरे प्लायमाउथमध्येही हेच २१७.८ चं इंजिन होतं, त्यामुळे नुसत्या स्ट्रोकवरून हा फरक कळणार नाही.

कधी गिअरबॉक्स उतरवलात तर आणखी एक खूण हाताशी आहे. डी-२४ डॉज कारमध्ये फ्लुइड ड्राइव्ह, म्हणजे तेलावर चालणारं कपलिंग, असायचं, तिच्या क्रँकच्या मागच्या फ्लँजला आठ बोल्ट. प्लायमाउथला चार. पण एवढ्यासाठी गिअरबॉक्स काढू नका.

आता नंबर. जागा डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, हेडच्या लगेच खाली, डायनामोच्या वर. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या दरम्यान ब्लॉकवर एक सपाट उंचवटा आहे, तो. तिथे ग्राइंडर, वायर व्हील, पॉलिश पेपर यातलं काहीही लावायचं नाही. हे तीनदा वाचा. पेंट रिमूव्हर ब्रशने लावा, दहा मिनिटं थांबा, लाकडी चिपाटीने थर उचला, मग रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश. थर जाऊन लोखंड दिसलं की थोडी टाल्कम पावडर चोळून फडक्याने पुसा. अक्षरांच्या खाचांत पावडर राहते आणि नंबर पांढरा उठून येतो. मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, बाजूने आडवा धरा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओत चेसिसची घेतात तशी.

आकडे वाचायच्या आधी आकड्यांखालची जमीन बघा. कारखान्यात तो उंचवटा मशीनवर सपाट केलेला असतो, त्यावर एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा असतात. कोणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर या रेघा गेलेल्या असतात, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत किंवा मधे किंचित खोलगट असतो. आडवी पट्टी ठेवली की खालून उजेड दिसतो. मग आकडे. एका हाताने एका दिवशी ठोकलेले आकडे एका खोलीचे असतात, ओळ थोडी वाकडी असेल पण चाल एक असते. हार्डवेअरच्या दुकानातल्या पंच-सेटने ठोकलेला आकडा कडेला लोखंड वर उचलतो, त्याची कड बोटाला टोचते. जुन्या आकड्याची कड पंचाहत्तर वर्षांत मऊ झालेली असते.

मागे एकाने माझ्याकडे ‘मॅचिंग नंबर’ची डॉज म्हणून ब्लॉक आणला. नंबर झकास, आरसीशी जुळणारा. मी बोट फिरवलं तर बोट टोचलं. त्याच ब्लॉकवर ओतकामाचं वर्ष नंबराच्या वर्षापेक्षा तीन वर्षांनी पुढचं. मालकाने विचारलं, “म्हणजे काय?” मी म्हटलं, “आईच्या आधी मुलगा जन्मलाय.”

पण पॅड, म्हणजे तो नंबराचा उंचवटा, कोरा निघाला तर घाबरू नका. सुटा ब्लॉक विकत घेतला की तो अनेकदा कोरा यायचा, गॅरेजवाल्याने जुना नंबर त्यावर ठोकायचा असा जुना रिवाज होता. त्या काळात त्यात लबाडी नव्हती. तसाच दुसरा गैरसमज चेसिस नंबरचा. या गाड्यांत गाडीचा सीरियल नंबर आणि इंजिन नंबर यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता, दोन्ही वेगळेच आकडे. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर इंजिनाशी जुळत नाही म्हणून कोणी किंमत पाडत असेल तर त्याला गाडीची माहिती नाही, किंवा चांगलीच आहे. जुळवायचं ते इंजिन आणि आरसी बुक. आणि गाडीवर डॉजचं नाव पण अंग प्लायमाउथचं, असंही असू शकतं. परदेशात डॉजच्या विक्रेत्यांसाठी प्लायमाउथलाच डॉज किंग्जवे नाव देऊन विकत. तुमचा तो प्रश्न नाही, पण कोणीतरी विचारणारच.

आरसी बुकातली नोंदही डोळे झाकून मानू नका. हाताने लिहिलेलं पुस्तक, मग दुसरं पुस्तक, मग संगणक. या प्रवासात इंग्रजी पी चा आर आणि सातचा एक झालेला मी कितीदा पाहिलाय. मूळ जुनं पुस्तक घरात कुठे असेल तर शोधा. आजोबांच्या पिढीने काही फेकलेलं नसतं. आजीच्या ट्रंकेत विम्याचे कागद सापडतात, त्यावरही इंजिन नंबर असतो आणि तो वेगळ्या हाताने लिहिलेला असतो.

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते. नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. तुमच्यासारखी आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर राखू शकते, हे महत्त्वाचं. अट ही की गाडी मूळ रूपात असावी, मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात नसावी. म्हणून इंजिन मूळचं आहे की नाही याला आता नुसत्या अभिमानापेक्षा जास्त वजन आहे. इंजिन बदललेलं निघालं तर जे आहे ते आरटीओला सांगून नोंद दुरुस्त करून घ्या. नंबर ठोकून जुळवू नका आणि कोणाला जुळवू देऊ नका. तो गुन्हा आहे, आणि माझ्यासारखा कोणीतरी बोट फिरवणारच.

आता मित्राची ॲम्बेसेडर. ‘एमजीचं इंजिन’ ही ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळीकडे ऐकू येणारी दंतकथा आहे, आणि तिच्यात एक दाणा खरा आहे. बंगालात उत्तरपाड्याला बनलेली ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यातलं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं, आणि एमजीच्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्येही १४८९ सीसीचं बी-सिरीजच होतं. बोअर ७३, स्ट्रोक ८८.९, दोन्हीकडे तेच. पुढे एमजीबीत ते १७९८ सीसीचं झालं, बोअर ८० च्या वर गेला, स्ट्रोक पुन्हा ८८.९ च. त्यामुळे इथे माझी लाडकी सळई काही कामाची नाही. स्ट्रोक कुळ सांगेल, घर सांगणार नाही. शिवाय स्पार्क प्लग तिरके, त्यातून सरळ माप मिळतही नाही. हेड उघडल्यावर बोअर ७४ च्या आसपास असेल तर १४८९ च, थोडं ओव्हरसाइज केलेलं. ८० निघाला तर मात्र मित्राला पेढे वाटायला सांगा.

तिथला नंबरही सोपा आणि म्हणूनच धोकादायक आहे. १९५७ च्या सुमारास बीएमसीने नंबराच्या सुरुवातीला घनफळाचे आकडे आणि मग गाडीचं अक्षर घालायला सुरुवात केली. १५ म्हणजे १४८९ सीसी, १८ म्हणजे १७९८. मग जी म्हणजे एमजी, एम म्हणजे मॉरिस, ए म्हणजे ऑस्टिन. पुढे एच किंवा एल, कॉम्प्रेशन जास्त की कमी. एमजीवर हा नंबर ब्लॉकला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. दोन रिव्हेट! मी जास्त काही बोलत नाही. पट्टीवर ‘१५ जी’ असेल तर रिव्हेटची डोकी बघा, जुनी गंजलेली आहेत की नवी चकचकीत.

तिच्यासाठी मी आधी पाने हातात घेतो. फियाटचे बोल्ट मिलिमीटरचे, १३ आणि १७ चा पाना. बी-सिरीज इंची, युनिफाइड फाइन आट्यांची. त्या ब्लॉकवर जागोजागी मिलिमीटरचे बोल्ट बसत असतील तर कोणीतरी आटे परत पाडलेत. सगळ्यात मजेशीर मात्र चाळीसच्या दशकातली हिंदुस्तान टेन, म्हणजे मॉरिस टेन. तिच्या बोल्टला ब्रिटिश व्हिटवर्थचा पाना लागतो, बोल्ट काढून आटे मोजले तर ते मिलिमीटरचे! शिकाऊ असताना मी असा एक बोल्ट व्हिटवर्थच्या नटात फिरवून त्याचे आटे खाल्ले आणि उस्तादांचा मार खाल्ला. कारण नंतर कळलं. कॉव्हेंट्रीला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना होता, तो मॉरिसने १९२३ मध्ये घेतला. मशिनरी फ्रेंच, आटे मिलिमीटरचे. इंग्लंडच्या मेकॅनिककडे मिलिमीटरचे पाने नव्हते, म्हणून बोल्टची डोकी त्याच्या पान्याला बसतील अशी केली. ती पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली, एमजी टीसीच्या १२५० सीसी इंजिनातही आहे. खरं म्हणजे टेनचं ११४० सीसी आणि टीसीचं १२५० सीसी एकाच घराण्यातली, स्ट्रोक दोघांचा ९० मिलिमीटर. म्हणून हिंदुस्तान टेनचा मालक ‘माझं एमजीचं भावंड आहे’ म्हणाला तर मी मान हलवतो. ॲम्बेसेडरवाला म्हणाला तर आधी पट्टी बघतो.

फियाटचं एका दमात सांगतो, कारण हेही विचाराल. आपल्याकडची ११०० डिलाइट आणि पुढची पद्मिनी ६८ बाय ७५, म्हणजे १०८९ सीसी. इटलीतली ११००-डी ७२ बाय ७५, १२२१ सीसी. ‘इटलीहून आलेलं इंजिन’ म्हणून कोणी विकत असेल तर बोअर गेज घेऊन जा. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तशी तिची इंजिनंही गोडाउनांत आली, आणि त्यातली काही अचानक इटालियन झाली. पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८-एनई गाडीचं इंजिन दिसलं तर ते निस्सानचं ११७१ सीसी, ७३ बाय ७०. जीपचं त्याहून सोपं. डोक्यावर व्हॉल्व्हचं झाकण नसेल तर युद्धकाळचं गो-डेव्हिल, असेल तर हरिकेन. हरिकेन उंच म्हणून बॉनेट उंच. युद्धातल्या फोर्डच्या जीपमध्ये बोल्टच्या डोक्यावर वळणदार एफ असतो, भिंग लावून बघा.

तर आता तुमचं. येत्या रविवारी सळई घाला, पॅड साफ करा, ब्लॉकवरची तारीख शोधून तिचा बाजूने उजेड मारून फोटो काढा. दलालाचा फोन आला तर गणपती झाल्यावर बघू म्हणा. गाडी ठाण्याला आणू नका, ऐरोलीच्या पुलावर बंद पडली तर तुमचा दिवस आणि माझा टेम्पो दोन्ही वाया. ओरखडे मारलेली सळई वर्तमानपत्रात गुंडाळून नेरुळहून ठाण्याच्या लोकलमध्ये घेऊन या, पेन्सिलच्या छापेचा कागद खिशात. शनिवारी दुपारी चारनंतर मी शॉपमध्ये मोकळा असतो. सळईवर पट्टी तुमच्यासमोरच लावू.